सात शब्द

विचारायला गेले, तिथंच चुकलं. इफराहनं गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याला, लिबानला, बजावलं होतं, "विचारायला जाशील तर नाही म्हणतील. सांगायला जा." पण आमच्या घरात कुणी कुणाला काही सांगत नाही. विचारतात, आणि मग सगळे मिळून चहाच्या तीन किटल्या संपेपर्यंत बसतात. त्या रविवारी तेवढा वेळ नव्हता. दवाखाना चारला बंद होणार होता, आणि अमेरिकेतल्या आमच्या सोमाली वस्तीतल्या सीडर टॉवरची ती रडकी लिफ्ट तेराव्या मजल्यावर पोचेपर्यंत पावणेबारा झाले होते.

शुक्रवारी सकाळी त्यांची मुलगी सुमाया पाळणाघरात ज्या खोलीत खेळली, त्याच खोलीतल्या एका मुलाला शनिवारी गोवर उठला. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. मुलीला गोवराची लस टोचलेली नसेल तर तीन दिवसांच्या आत टोचून घ्या, टळायची आशा आहे. त्यानंतर आमच्या हातात काही नाही. सोमवारी दवाखान्याचं दार उघडेपर्यंत ते तीन दिवस संपत होते. इफराह रविवारी सकाळी आठलाच बूट घालून तयार होती. लिबान म्हणाला, "मी होदानला शब्द दिलाय. तिला न विचारता नाही."

लिबानच्या थोरल्या बहिणीच्या, होदानच्या घरात शिरायचं म्हणजे पायातलं झकरियाच्या ताब्यात द्यायचं. तिचा अकरा वर्षांचा मुलगा झकरिया आला, कुणाकडे न बघता सगळे जोड उचलून त्यानं भिंतीशी लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत, शेवटी सुमायाचे गुलाबी बूट. रांग जुळली तसा तो बारीक आवाजात गुणगुणू लागला.

"झाका, माझा बूट! झाका, माझे मोजे पण बघ! झाका, तू जेवलास?" अडीच वर्षांच्या सुमायाच्या तोंडाला खंड नव्हता.

होदान हातात कालथा घेऊन दारात उभी राहून भाचीचं बोलणं ऐकत होती. नणंदेची ती नजर इफराहच्या ओळखीची होती. तिच्यात माया होती, खोटं कशाला बोला. पण मायेच्या खाली आणखी काही होतं, आणि म्हणूनच इफराह मुलीला शक्यतो इथं आणत नसे.

सोफ्यावर सासूबाई दहाबो जपमाळ घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ वारसामे. त्याला या नावानं फक्त सरकारी कागद ओळखतात. एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून लहानपणापासून तो धेगोले, म्हणजे बहिरा. आमच्यात माणसाचं व्यंग हेच त्याचं नाव होतं आणि कुणी रुसत नाही. धेगोलेमामाला हवं ते तिसऱ्या मजल्यावरचंही ऐकू येई.

भात आला, बकरीचं मटण आलं, प्रत्येकापुढे एक एक केळं आलं. लिबाननं केळं सोललं आणि भातात न कुस्करता तसंच हातात धरून ठेवलं.

"बोल," होदान म्हणाली. "फोनवर आवाज वेगळा होता तुझा."

त्यानं सांगितलं. सगळं एका दमात, खाली बघून.

"मग?" होदान म्हणाली. "तीन आठवडे पोरीला घरात ठेवा. एवढं काय? गोवर आहे नुसता. आपल्याला सगळ्यांना झालाय."

"सगळ्यांना झाला, अब्ती," धेगोले घास गिळून म्हणाला. आमच्यात मामा भाच्यांना 'अब्ती', म्हणजे 'मामा'च म्हणतो, आई लेकरांना 'होयो', म्हणजे 'आई'च म्हणते. हाक ज्याची त्याला परत मिळते. "सगळ्यांना झाला. पण सगळे इथं भात खायला बसलेले नाहीत."

दहाबोंची माळ थांबली. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मामा, तुम्हाला कधी ऐकू येईल त्याचा नेम नाही," होदान म्हणाली. "लिबान, तू सुमाया जन्मली तेव्हा कुराणावर हात ठेवला होतास. बाकीच्या दहा सुया टोच, ही एक नाही. माझ्या घरातल्या आणखी एका पोराचं तोंड ही सुई बंद करणार नाही, असं तू म्हणाला होतास. मी नव्हतं म्हणायला लावलं."

हे खरं नव्हतं, तिनंच म्हणायला लावलं होतं. लिबाननं केळं ताटात ठेवलं.

"शपथेचं काय एवढं," धेगोले म्हणाला. "मोडता येते. दहा गरिबांना जेवू घालायचं, नाही जमलं तर तीन रोजे. दहा गरीब शोधायला लांब जायला नको, खाली कॉफीच्या दुकानात सकाळपासून देश चालवत बसलेत."

इफराहनं घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा.

"मी बोलू का?" ती म्हणाली.

"तू तर रोजच बोलतेस," होदान म्हणाली. "त्याचाच पगार मिळतो तुला."

इफराह मोठ्या इस्पितळात दुभाषी होती. डॉक्टर इंग्रजीत बोलायचा, ती सोमालीत. बाई सोमालीत रडायची, ती इंग्रजीत. या पंधरवड्यात गोवर सुरू झाल्यापासून एकच वाक्य तिनं किती वेळा म्हटलं त्याची गणती नव्हती: या लसीनं ऑटिझम होत नाही. गुरुवारी एका बाईनं डॉक्टरकडे पाठ फिरवून थेट तिलाच विचारलं होतं, "बहिणी, तू तुझ्या मुलीला टोचलीस?" इफराह म्हणाली होती, मी दुभाषी आहे, मला स्वतःचं उत्तर द्यायची परवानगी नाही. नियम तसाच आहे. पण त्या दिवशी त्या नियमाच्या आड लपताना तिला स्वतःची शरम वाटली होती. ती बाई लस न देता मुलाला घेऊन निघून गेली.

"पगार राहू दे," ती म्हणाली. "होदान, कालपर्यंत मी तुमच्यासाठी गप्प बसले. तुमच्या घरात जे झालं ते बघून बसले. पण माझी मुलगी त्या खोलीत तीन तास होती. एक सांगू? या खोलीत गोवराची भीती नसलेलं एकच पोर आहे. झकरिया. त्याला ती सुई मिळालीय."

होदाननं ताट बाजूला सारलं.

"मिळालीय," ती म्हणाली. "काय मिळालं ते मला विचार. पंधरा महिन्यांचा होता. सात शब्द होते त्याच्याकडे. होयो. पाणी. दूध. ये. नको. मांजर. मोटार. मंगळवारी सुई, शुक्रवारी ताप, आणि त्यानंतर एक नाही. दहा वर्षं झाली, एक नाही! तुझ्या डॉक्टरला हे भाषांतर करून सांग."

हे सात शब्द घरात सगळ्यांना पाठ होते. प्रार्थनेनंतर म्हणावेत तसे होदान ते म्हणायची, नेहमी त्याच क्रमानं. नर्सपुढे, शाळेच्या बाईपुढे, मशिदीतल्या बायकांपुढे. आणि दरवेळी शेवटी ती भावाकडे वळायची, तशी आताही वळली. "विचार तुझ्या नवऱ्याला. तो होता या घरात. त्यानं ऐकलेत."

इफराहनं लग्नानंतर चार वर्षांत हा प्रश्न कधी विचारला नव्हता. नणंद-भावजय म्हणून जी काही शांतता होती, ती या एका प्रश्नाच्या अलीकडे होती.

"लिबान," ती म्हणाली, "तू ऐकलेस?"

तेव्हा लिबान सतरा वर्षांचा होता. रात्री विमानतळावर सामान उचलायचा आणि याच खोलीत, याच सोफ्यावर दिवसा झोपायचा. झकरिया सोफ्याला धरून उभा राहायचा, त्याच्या पायाची बोटं ओढायचा, हसायचा. आवाज करायचा, पुष्कळ. शब्द नव्हता. मग तो चार वर्षांचा झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होदाननं सात शब्द सांगितले. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणी ऐकलेत? होदान त्याच्याकडे बघत होती. तिचा नवरा शर्मार्के दोन महिन्यांपूर्वीच सोडून गेला होता. लिबान म्हणाला होता, हो, बोलायचा. एका 'हो'नं कुणाचं काय बिघडतं, असं त्याला त्या वेळी वाटलं होतं. पुढे हाच 'हो' त्यानं किती ठिकाणी, किती बायकांपुढे म्हटला, आणि त्यातल्या किती जणींनी घरी जाऊन काय ठरवलं, याचा हिशोब लावायची त्याच्यात हिंमत नव्हती.

दारातून सुमायाचा आवाज आला. "झाका, हा बूट होयोचा! झाका, हा अब्बांचा!"

"नाही," लिबान म्हणाला.

"काय नाही?" होदाननं विचारलं.

"नाही ऐकले. एकही नाही. सुईच्या आधीही तो बोलत नव्हता, होदान. माझ्यासमोर तरी कधीच नाही."

धेगोलेनं हातातलं हाडूक ताटात ठेवलं. एरवी अशा वेळी त्याला ऐकू यायचं बंद होई. आज त्यानं चांगला कान पुढे केला होता.

होदानला वाटलं की आपण किंचाळू. पण किंचाळायला काही सुचेना. कारण तिला ठाऊक होतं. तिनं ऐकलं होतं, पण एकदाच. पहाटे, खिडकीशी, तो तिच्या खांद्यावर असताना, स्पष्ट: होयो. दुसरं कुणी जागं नव्हतं. तो एक शब्द एकटाच कुणी खरा मानणार नाही, म्हणून तिनं त्याच्या सोबतीला सहा जोडले. आणि तो एक तिला का लागत होता, हे या खोलीत आणखी एकाच बाईला माहीत होतं.

ती आईकडे वळली.

दहाबो भिंतीकडे बघत होत्या. बारा वर्षांपूर्वी त्या नैरोबीत होत्या, आणि होदाननं फोनवर सांगितलं होतं की माझं लग्न झालं, शर्मार्केशी. यादवीत किस्मायो शहरात ज्यांनी त्यांचं घर जाळलं, नवऱ्याला दारातून ओढून नेलं, त्यांच्याच कुळातला तो. फोनचं कार्ड संपत आलं होतं. आईच्या शापाला आमच्यात उतारा नाही, फक्त आईच तो उतरवू शकते. म्हणून आया जीभ चावतात पण शाप देत नाहीत. दहाबोंनी दिला. 'तुझ्या पोटचं पोर तुला कधी होयो म्हणून हाक न मारो.' मग कार्ड संपलं.

सहा वर्षांनी अमेरिकेत आल्या तेव्हा विमानतळावर हा मुलगा दिसला. तो एक शब्द बोलला नाही, आणि त्यांना तो फोन आठवला. आणि गाडीतच होदाननं सांगितलं: होयो, तो आधी बोलायचा, सात शब्द होते, पहिला होयो, सुईनं गेले. तेव्हा दहाबोंनी अल्लाचे किती आभार मानले! सुईनं. म्हणजे आपल्या जिभेनं नाही. लेकीनं त्यांना ते आंदण दिलं होतं आणि त्यांनी मुकाट घेतलं होतं. गोवर म्हणजे काय हे त्यांच्याइतकं या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सीमेपलीकडच्या निर्वासित छावणीत नऊ दिवसांत दोन मुलगे त्यांनी स्वतःच्या हातानं मातीत ठेवले होते. तरी सुमायाला सुई नको असं ठरलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सुई निर्दोष ठरली असती. आपली कातडी वाचवायला त्यांनी नातीची पणाला लावली, हे त्यांना आता, भाताच्या ताटासमोर, लख्ख कळत होतं.

"पोरीला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "सुईनं काही झालेलं नाही. मी केलं ते."

"होयो, तुम्ही काही केलं नाही," इफराह कळवळून म्हणाली. "शापानं होत नाही आणि सुईनंही होत नाही. काही मुलं अशीच जन्मतात. कुणाचाच दोष नाही."

"कुणाचाच नाही?" होदान म्हणाली. "वा! दहा वर्षं मी कुणावर दात खात होते मग? हवेवर? तू गप्प बस. हे तुझ्या इस्पितळातलं नाही, आमच्या घरातलं आहे." ती आईसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. "परत घे."

"होदान..."

"फोनवर दिलास ना? आता समोर परत घे. मोठ्यानं. सगळ्यांनी आमीन म्हणा. झकरिया! इकडे ये, होयो."

तो आला नाही. लिबाननं त्याला दंडाला धरून हलकेच आणलं. दहाबोंनी पेल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, त्यावर फुंकर घातली, नातवाच्या डोक्यावर शिंपडलं आणि दुवा म्हटली. माझ्या रागातलं मी परत घेते, या लेकराची जीभ मोकळी कर, त्याच्या आईला त्याची हाक ऐकव. सगळे आमीन म्हणाले. इफराहसुद्धा म्हणाली. आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, दुभाषी, हमाल, बहिरा मामा, सगळेच.

झकरियानं बाहीनं पाणी पुसलं, दंड सोडवून घेतला आणि दाराशी रांगेकडे गेला.

"नाही लागू पडत," दहाबो हळूच म्हणाल्या. "रोज पहाटे करते मी. तो झोपेत असतो तेव्हा. आले त्या दिवसापासून. रोज."

हे सांगायला नको होतं. आपण लेकीसाठी काय काय केलं हे तिला कळावं, एवढ्याच आशेनं त्या बोलल्या. होदानच्या चेहऱ्यावरून आधी राग गेला, मग सगळंच गेलं.

"रोज," ती म्हणाली. "म्हणजे तुला रोज माहीत होतं. सहा वर्षं एका घरात. मी बायकांपुढे ओरडत फिरले, सुईनं झालं, सुईनं झालं. लोक मला वेडी म्हणाले. तुझ्यासाठी म्हणत होते मी! तुझ्यावर येऊ नये म्हणून. माझी आई माझ्याच लेकराची वैरीण आहे, असं मला म्हणायला लागू नये म्हणून. आणि तू माझ्या पाठीमागे त्याच्यावर पाणी शिंपडत होतीस. मला एकदा तोंडानं 'चुकले' म्हणाली असतीस तर?"

"चुकले," दहाबो म्हणाल्या.

"आता नको."

"अब्ती, अगं आई आहे ती," धेगोले म्हणाला.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरं आहे." होदान उठली, आतल्या खोलीत गेली आणि आईची शाल, औषधांचा डबा आणि गादीखालची पिशवी घेऊन आली. ती सगळं अगदी नीट घडी करून आणत होती. "लिबान, जाताना होयोला घेऊन जा. तुझ्या घरी जागा आहे."

"होदान, असं करू नकोस," तो म्हणाला. "खोटं मी बोललो. मला काढ घराबाहेर."

"तू माझ्यासाठी खोटं बोललास. ते मी विसरणार नाही. आज खरं कुणासाठी बोललास तेही विसरणार नाही. दोन वाजून गेलेत, दवाखाना बंद होईल. जा."

इफराहनं सुमायाला उचललं. जिंकण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं आणि तिला फक्त पोरीला घेऊन पळायचं होतं. बूट उचलताना रांग मोडली, तसा झकरियानं कानांवर हात ठेवून तो आवाज काढला जो खालच्या मजल्यापर्यंत जातो. त्यातच दहाबोंनी चपला घातल्या. धेगोले बहिणीचा हात धरून बाहेर पडला. होदान मुलाला पाठीमागून घट्ट धरून बसली होती, म्हणून कुणाचा निरोप घ्यायचा प्रश्न आला नाही. लिफ्ट आल्याचा आवाज आला आणि दार बंद झालं.

झकरिया शांत व्हायला तास लागला. तिनं ताटं उचलली नाहीत. आईच्या ताटातलं केळं तसंच होतं, सालासकट.

पावणेचारला फोन वाजला.

"टोचली," लिबान म्हणाला. "मांडीत. झालं."

"रडली?"

"थोडीशी."

मागून आजीशी, आयेयोशी, बोलणाऱ्या सुमायाचा आवाज येत होता. "आयेयो, पट्टी! आयेयो, बघ ना, मांजराची पट्टी! तुला दुखतं? तू का रडतेस?"

"बोलतेय," होदान म्हणाली.

"तोंड बंद नाही तिचं. होदान, ऐक, होयोला..."

"उद्या फोन कर. परवाही कर. माझ्याशी नको बोलूस. फोन तिच्या तोंडाशी धर, मला ऐकू दे. शुक्रवारपर्यंत."

तिनं फोन ठेवला. मंगळवारी सुई, शुक्रवारी ताप. पोरगी शुक्रवारनंतरही बडबडत राहिली, तर दहा वर्षं आपण जे बोललो ते सगळं खोटं. आणि गप्प झाली तर... तर आपण खरे. आईचा दोष नाही, आई परत येईल. हा विचार आला तशी तिला स्वतःची किळस वाटली. तिनं पाण्यानं चूळ भरली, तोंड धुतलं, दुवा म्हटली. तो विचार गेला नाही.

दाराशी दोनच जोड राहिले होते, तिचा आणि त्याचा. झकरिया त्यांच्या पुढे बसून रिकाम्या फरशीवर हात फिरवत होता, जिथं सुमायाचे बूट होते तिथं. ती त्याच्याशेजारी जाऊन खाली बसली.

"होयो," तिनं त्याला हाक मारली. आमच्यात आई लेकराला अशीच हाक मारते, म्हणजे ते तशीच हाक मारायला शिकतं.

"होयो," ती पुन्हा म्हणाली, आणि थांबली.

त्यानं तिचा हात धरून बाजूला केला, कारण तो रांगेत येत होता.